भेग मिटताना : प्रकल्प नोंदी, बडोदा

४ जुलै २०२४

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून हॅकॅट पेशी आज सकाळी पोचल्या. फ्लास्क गळ्यापर्यंत मीडियमने (पेशींच्या पोषक द्रावणाने) भरलेला, झाकणाला पॅराफिल्म. बाहेरून स्पिरिटने पुसला, सूक्ष्मदर्शकाखाली एकदा पाहिला आणि ३७ अंशांवर, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवून दिला. उद्यापर्यंत हात लावायचा नाही, असं माझ्या मार्गदर्शक मॅडमनी बजावलंय.

या पेशी माणसाच्या त्वचेच्या वरच्या थरातल्या, केराटिनोसाइट. १९८८ मध्ये जर्मनीत एका प्रौढ पुरुषाच्या पाठीच्या त्वचेपासून हे वाण तयार झालं. त्याची जन्मकथा नावातच आहे : ह्यूमन, अ‍ॅडल्ट, कॅल्शियम, टेंपरेचर. कमी कॅल्शियम आणि जास्त तापमानात वाढवताना या पेशी आपोआप अमर झाल्या. माझा निम्मा प्रकल्प कॅल्शियमवर आहे, म्हणून हे नाव मला फार आवडलं.

प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवते. त्वचेची पेशी शेजारणीला धरून असते आणि पायाखालच्या जमिनीलाही. जखम झाली की तिला चालत पुढे जावं लागतं. तेव्हा यातली कुठली पकड ढिली होते, किती होते, आणि ते तिला सांगतं कोण?

प्रश्न घरातला आहे. आजीच्या डाव्या अंगठ्याखाली फेब्रुवारीपासून जखम आहे. मधुमेह जुना. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी रोज संध्याकाळी ड्रेसिंग मीच करते. जखमेची कड जाड, पांढुरकी, आत दुमडल्यासारखी दिसते. कडेला कातडी आहे, ती जाडही होतेय, पण पुढे सरकत नाही. आजी विचारते, "अगं, भरतेय का?" मी रोज फूटपट्टीने मोजते आणि रोज तोच आकडा सांगते.

९ जुलै

पहिलं सबकल्चर, म्हणजे पेशी सोडवून नव्या फ्लास्कमध्ये घालणं. ट्रिप्सिन (प्रथिनं कापणारं विकर) घालून पाच मिनिटं थांबले, आठ मिनिटं थांबले, फ्लास्कला टिचक्या मारल्या. पेशी सुटेनात. ज्या सुटल्या त्या तुकड्यातुकड्यांनी, पापुद्रे निघावेत तशा. सिनियरने सांगितलं, आधी ईडीटीएने दहा मिनिटं भिजव, मग ट्रिप्सिन घाल. तसं केलं आणि दोन मिनिटांत सगळ्या गोल होऊन तरंगायला लागल्या.

ईडीटीए कॅल्शियम पकडून नेतं, हे पाठ होतं. आज ते पहिल्यांदा डोळ्यांना दिसलं. संध्याकाळी जपानी शास्त्रज्ञ मासातोशी ताकेइची यांची हकीकत वाचली. क्योटोत त्यांच्या सुट्या केलेल्या पेशी पुन्हा एकमेकींना चिकटत. तोच प्रयोग त्यांनी अमेरिकेत बाल्टिमोरला केला तर चिकटेनात. शोधाशोध केल्यावर कळलं की तिथल्या ट्रिप्सिनमध्ये ईडीटीए मिसळलेलं होतं. कॅल्शियम असताना पेशीच्या अंगावरचं एक प्रथिन ट्रिप्सिनच्या कात्रीतून वाचतं आणि कॅल्शियम काढून घेतलं की कापलं जातं. १९७७ मध्ये त्यांनी हे मांडलं आणि पुढे त्या प्रथिनाला कॅडहेरिन असं नाव मिळालं. आमच्यासारख्या अभिस्तर पेशींवरचं (अभिस्तर म्हणजे शरीराचे पृष्ठभाग झाकणारा थर) ते ई-कॅडहेरिन. पेशीबाहेर त्याचे पाच मणी ओवलेले असतात आणि मण्यांच्या सांध्यात कॅल्शियम बसलेलं असतं. कॅल्शियम असेल तर माळ ताठ राहून समोरच्या पेशीच्या माळेला भिडते, नसेल तर लुळी पडते.

दोन बाटल्यांमधल्या फरकाचा त्यांनी पिच्छा पुरवला. माझा फ्लास्क सुटत नव्हता तेव्हा मी नुसत्या टिचक्या मारत होते. यापुढे काही अडलं की कारण वहीत लिहिल्याशिवाय पुढे जायचं नाही, असं ठरवलंय.

१७ जुलै

आषाढी. आजीला उपास करू दिला नाही, त्यावरून सकाळी थोडं रुसणं झालं.

लॅबमध्ये पहिली ओरखड्याची चाचणी. सहा खणांच्या प्लेटमध्ये पेशींचा थर दाट झाला की पिपेटच्या पिवळ्या टिपेने सरळ रेघ ओढायची. सुटलेल्या पेशी धुऊन टाकायच्या, बिनसीरमचं (रक्तातल्या द्रवाशिवायचं) मीडियम घालायचं आणि ठरलेल्या वेळी फोटो काढायचे. प्लेटच्या तळाला बाहेरून मार्करची आडवी रेघ हवीच, नाहीतर पुढच्या फोटोत तीच जागा सापडत नाही. माझे तीन ओरखडे वाकडे आले. टिप काटकोनात धरायची, तिरकी नाही.

२२ जुलै

मॅडमचा प्रश्न : भेग मिटली ती पेशी चालल्या म्हणून, की वाढल्या म्हणून? मायटोमायसिन-सी दोन तास देऊन विभाजन थांबवलं आणि पुन्हा केलं. भेग थोडी सावकाश मिटली, पण मिटली. म्हणजे चालणं खरं आहे. यापुढे प्रत्येक प्लेटमध्ये हा खण राहील.

२ ऑगस्ट

आज ईजीएफ (अभिस्तराच्या पेशींना वाढीचा इशारा देणारं प्रथिन) घातलं, मिलिलिटरला १० नॅनोग्रॅम. फरक इतका स्पष्ट की मोजायच्या आधीच दिसला. भेगेच्या काठावरच्या पेशींनी समोर रुंद, पातळ पापुद्र्यासारखा पाय पसरला होता. तेच लॅमेलिपोडियम. कडा सतत थरथरत होती.

स्टॅन्ली कोहेन यांनी उंदरांच्या लाळग्रंथीचा अर्क नवजात पिल्लांना टोचला तेव्हा पिल्लांचे डोळे वेळेआधी उघडले. त्या एका निरीक्षणातून ईजीएफ हाती लागलं आणि १९८६ मध्ये रिटा लेव्ही-मोंटाल्चिनी यांच्याबरोबर त्यांना नोबेल मिळालं. मिटलेली पापणी उघडणं हेही अभिस्तराचंच काम, हे मला आज पहिल्यांदा जाणवलं.

ईजीएफ पेशीवरच्या ग्राहीला चिकटलं की आत एकाच वेळी बऱ्याच गोष्टी सुरू होतात. आज वहीत दोन रकाने पाडले, कारण मला नेहमी वाटायचं की 'चिकटणं' ही एकच गोष्ट आहे.

जमिनीशी पकड : हे काम इंटिग्रिनचं. माणसात १८ प्रकारच्या अल्फा आणि ८ प्रकारच्या बीटा साखळ्या जोडीजोडीने येऊन २४ इंटिग्रिनं होतात. निवांत त्वचेत अल्फा-६ बीटा-४ ही जोडी पेशीला खालच्या पडद्याशी खिळवून ठेवते. जखम झाली की तो खिळा निघतो आणि चालायला उपयोगी पडणाऱ्या जोड्या पुढे येतात. इंटिग्रिन जमिनीला भिडलं की आतल्या बाजूला फॅक आणि सार्क ही दोन कायनेज (इतर प्रथिनांवर फॉस्फेटची खूण करणारी विकरं) जागी होतात. पकड बसवणारं आणि पकड सोडवणारं यंत्र तेच आहे. पुढे बसली नाही तर पेशी घसरेल, मागे सुटली नाही तर अडकेल.

शेजारणीशी पकड : ई-कॅडहेरिन आणि डेस्मोसोम (पेशींना जोडणारी बटणं). सार्क इथेही हात घालतं. त्याने खूण केलेलं ई-कॅडहेरिन हाकाई नावाच्या प्रथिनाच्या नजरेत येतं आणि पेशीच्या आत ओढलं जातं. हाकाई हा जपानी शब्द, अर्थ विध्वंस. ताकेइचींच्या भाषेतच त्यांच्या प्रथिनाचा काळ नाव घेऊन आला.

पापुद्र्याचं श्रेय रॅक या प्रथिनाचं. १९९२ मध्ये लंडनला अ‍ॅन रिडली आणि अ‍ॅलन हॉल यांनी दाखवलं की रो हे प्रथिन जागं केलं की पेशीत अ‍ॅक्टिन या प्रथिनाचे ताणलेले दोर दिसतात आणि रॅक जागं केलं की कडेला लहरी उठतात. सीडीसी-४२ या तिसऱ्या प्रथिनामुळे बारीक बोटं फुटतात, हे १९९५ मध्ये आलं. हे सगळं फायब्रोब्लास्टमध्ये (संयोजी ऊतीतल्या पेशींत) पाहिलेलं. माझ्या पेशी एकेकट्या चालत नाहीत, पूर्ण थरच सरकतो, त्यामुळे ते चित्र इथे जसंच्या तसं बसवता येणार नाही.

१४ ऑगस्ट

कमी कॅल्शियमचा प्रयोग फसला. बिनकॅल्शियमचं मीडियम घेतलं, मोजून ०.०५ मिलिमोलर कॅल्शियम घातलं. एवढ्यात ई-कॅडहेरिनचे जोड टिकू नयेत. दुसऱ्या दिवशी थर जसाच्या तसा. पेशी एकमेकींना घट्ट.

दोन दिवस मी वजनकाटा, पाणी, पिपेट तपासत बसले. शेवटी बाटल्यांची यादीच मांडली आणि दहा टक्के सीरम या ओळीवर अडखळले. सीरमचं स्वतःचं कॅल्शियम असतं! दहा टक्के सीरम म्हणजे साधारण ०.३ मिलिमोलर कॅल्शियम मागच्या दाराने आत आलं. माझ्या मोजलेल्या ०.०५ ला काही अर्थच उरला नव्हता. आता सीरम चेलेक्स राळेतून गाळून कॅल्शियम काढायचं आणि मग मोजून परत घालायचं.

१९ ऑगस्ट

गाळलेलं सीरम चाललं. कमी कॅल्शियममध्ये नवा थर तासाभरात विस्कटला, पेशी सुट्या दिसायला लागल्या.

या सुट्या पेशींच्या थरात ओरखडा काढला, ईजीएफही दिलं. माझा अंदाज होता की हात सुटलेत, तर भेग झरझर मिटेल. तसं झालं नाही. पेशी हलल्या पुष्कळ, पण वाट फुटेल तिकडे. काही भेगेत आल्या, काही परत मागे वळल्या. चोवीस तासांनी भेगेत पेशी विखुरलेल्या होत्या आणि भेग उघडीच होती. शेजारच्या खणात, पूर्ण कॅल्शियममध्ये, दोन्ही काठ ओळीने पुढे आलेले.

म्हणजे शेजारणीचा हात चालण्याच्या आड येत नाही. दिशा त्या हातामुळेच मिळते. जुलैत लिहिलेला माझा प्रश्न अर्धा चुकीचा होता. चालायला पकड सुटावीच लागते, असं मी धरून चालले होते.

३१ ऑगस्ट

जन्माष्टमीपासूनची नोंद आज एकत्र लिहिते.

२६ तारखेपासून पाऊस थांबेना. विश्वामित्रीची धोक्याची खूण २५ फुटांची. पाणी ३५ फुटांच्याही वर गेलं. फतेहगंज, समा, कारेलीबाग, अकोटा सगळीकडे पाणी शिरलं. लोकांना होड्यांतून काढावं लागलं, लष्कर आलं. नदीतल्या मगरी सोसायट्यांच्या अंगणापर्यंत आल्या. आमच्याकडे पाणी पायरीपाशी थांबलं, पण वीज गेली ती गेली. आजीच्या जखमेला पाणी लागू नये म्हणून तिला खाटेवरून उतरू दिलं नाही. तिने दोन दिवस कुरकुर न करता काढले.

लॅबला काल पोचता आलं. इमारतीत वरच्या मजल्यावर पाणी नव्हतं, पण तीन दिवस वीजही नव्हती. इन्क्युबेटर उघडला तर आत खोलीइतकंच तापमान. मीडियम किरमिजी झालेलं, पेशी सुटून तरंगणाऱ्या. सगळ्या प्लेटा, सगळे फ्लास्क गेले. गोठवलेलं सीरम वितळून गेलं. मी ब्लीच घालत एकेक रिकामं करत होते आणि मॅडम शेजारी उभ्या राहून लेबलं वाचत होत्या, एकही शब्द न बोलता.

द्रवरूप नायट्रोजनचा कॅन मात्र शाबूत. त्याला वीज लागत नाही. जुलैत मॅडमनी माझ्या मागे लागून पेशींच्या पाच व्हायल (कुप्या) गोठवायला लावल्या होत्या. त्या पाचही तिथे होत्या.

९ सप्टेंबर

एक व्हायल वितळवली. ३७ अंशांच्या पाण्यात मिनिटभर, बर्फाचा शेवटचा खडा उरला की बाहेर. रात्री पाहिलं, पेशी तळाला चिकटल्यात. घरी गणपती आहेत. आरतीला अर्धा तास उशिरा पोचले, पण खुशीत होते.

२४ सप्टेंबर

रो आपलं बरंचसं काम रॉक नावाच्या कायनेजकरवी करतं. ते मायोसिन या ओढणाऱ्या प्रथिनाला आवळायला लावतं. आज रॉक अडवणारं वाय-२७६३२ वापरलं, १० मायक्रोमोलर.

काठाच्या पेशी झपाट्याने पुढे गेल्या, पण त्यांची मागची टोकं जागची सुटेनात. प्रत्येकीमागे लांबच लांब ताणलेली शेपटी. आवळणारं बळच नाही, तर मागचा पाय उचलणार कसा? काठ ओळीत राहिला नाही, मधून मधून फाटला. भेग लवकर भरली, तरी भरलेल्या भागात बिळं होती. नुसती रुंदी मोजली असती तर मी याला यश म्हटलं असतं.

७ ऑक्टोबर

नवरात्र. रात्री गरब्याला गेले, सकाळी डोळे जड.

वाचलेलं नोंदवते. पुढच्या ओळीतल्या पेशी ओढतात आणि मागच्या ओढल्या जातात, असं आधी समजत. पण काठापासून कितीतरी ओळी मागे असलेल्या पेशीसुद्धा स्वतःचा पापुद्रा शेजारणीच्या पोटाखाली सरकवतात आणि स्वतः जमिनीला ओढ देतात. वरून पाहणाऱ्याला ते दिसत नाही. आज साठ पटींच्या भिंगाखाली फोकस खाली खाली नेत पाहिलं आणि एका ठिकाणी तो पापुद्रा दिसला. निदान मला तसं वाटलं. मॅडमना दाखवला, त्या म्हणाल्या, "अ‍ॅक्टिन रंगवल्याशिवाय मी हो म्हणणार नाही." बरोबर आहे.

२१ ऑक्टोबर

काल आणि आज जे दिसलं ते सविस्तर लिहिते.

दोन प्लेटा होत्या. एकीतला थर आदल्या दिवशीच दाट झालेला. दुसरी पुराच्या धावपळीनंतर मागे पडलेली, दाट होऊन सहा दिवस झालेली. खरं तर ती टाकायची होती. दोन्हींचा थर डिस्पेज लावून उचलला. डिस्पेज पेशींमधले जोड तोडत नाही, फक्त जमिनीपासून सोडवतं, त्यामुळे तापवलेल्या दुधावरची साय अलगद निघावी तसा अख्खा थर निघतो. मग दोन्हींत ईजीटीए घातलं, म्हणजे कॅल्शियम काढून घेतलं, आणि मोठ्या पिपेटने पाच वेळा वरखाली केलं.

एका दिवसाच्या थराचा भुगा झाला. सहा दिवसांचा थर मात्र तसाच राहिला, एक मोठा तुकडा आणि काठाचे दोन लहान.

मनात शंकेची पाल चुकचुकलीच. ईजीटीए घालायचं विसरले का? दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं, तेच. कॅडहेरिनला कॅल्शियम लागतं म्हणून जुलैपासून मी शपथ घ्यायची बाकी ठेवली होती. आणि इथे कॅल्शियम नसतानाही पेशी एकमेकींना सोडत नव्हत्या.

उत्तर मँचेस्टरच्या डेव्हिड गॅरड यांच्या गटाच्या कामात मिळालं. डेस्मोसोम म्हणजे पेशी-पेशींना जोडणारी बटणं. तीही कॅडहेरिनच्या कुटुंबातलीच आहेत, फक्त आतून केराटिनच्या दोरांना बांधलेली. थर नवा असतो तेव्हा ती कॅल्शियमवर अवलंबून असतात. काही दिवस निवांत गेले की त्याच बटणांची पकड बदलते आणि मग कॅल्शियम काढलं तरी ती सुटत नाहीत. आपल्या धडधाकट त्वचेत बहुतेक सगळी बटणं अशीच. आणि जखम झाली की काठापासून आत ओळीओळीने ती पुन्हा जुन्या, सैल स्थितीत येतात. बटणं तुटत नाहीत, संख्या घटत नाही. पकडीची जात बदलते. हा बदल घडवणारं कायनेज म्हणजे पीकेसी-अल्फा.

वसतिगृहाच्या दारापाशी शेव-उसळ खाताना मैत्रिणीला हे सांगत होते आणि उसळ गार झाली.

६ नोव्हेंबर

दिवाळीनंतर लगेच प्रयोग. सहा दिवसांच्या थरावर टिपेने उभ्याआडव्या आठ रेघा, जाळीसारख्या. चार तास थांबले. मग डिस्पेज, ईजीटीए, पिपेट. भरपूर तुकडे! जखमेने पकड सैल केली. धावत जाऊन मॅडमना दाखवलं.

त्यांनी शांतपणे विचारलं, "आठ रेघा मारल्यावर थराचे तुकडे तूच केलेस ना? शून्य तासाची प्लेट कुठे आहे?"

नव्हती. रेघा मारून लगेच उचललेला थर हवा होता. चार तासांत काय बदललं ते त्याच्याशीच ताडून बघता येतं. दिवसभराचं काम गेलं. जरा वेळ जिन्यात जाऊन बसले.

१२ नोव्हेंबर

देवउठी एकादशी. विठ्ठलनाथजींच्या वरघोड्यामुळे मांडवीचे रस्ते बंद, सूरसागरला वळसा घालून पोचले.

शून्य तासाच्या प्लेटेसह पुन्हा. रेघा मारून लगेच उचललेल्या थराचे मोठे, चौकोनी तुकडे आले, रेघांच्या आकाराचे, आणि ईजीटीएमध्ये ते तसेच राहिले. चार तास थांबलेल्या थराच्या तुकड्यांच्या कडा झडल्या. मध्यभाग टिकला, भोवतालून सुट्या पेशींचा चुरा. म्हणजे सैलपणा काठाकडून आत येतो. ही प्लेट मॅडम स्वतः भिंगाखाली बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तीनदा कर."

२० नोव्हेंबर

तीनदा झालं. आता पीकेसी अडवणारं गो-६९७६, १ मायक्रोमोलर, ओरखड्याच्या आधी अर्धा तास. चार तासांनी थराच्या कडा झडल्या नाहीत. दुसऱ्या प्लेटमध्ये याच औषधासह भेग मिटण्याची चाचणी लावली. चोवीस तासांनी पाहिलं तर काठावरच्या पेशींनी पापुद्रे पसरलेत, पुढे जायची धडपड दिसतेय, पण मागचा थर येत नाहीये. काठ जाड झालाय. दोन पेशींमध्ये ताणलेल्या जागा दिसतात.

तो फोटो पडद्यावर मोठा केला आणि मला आजीची जखम आठवली. मॅडमनी लगेच सावध केलं, आणि त्यांचं म्हणणं इथे लिहून ठेवते : हॅकॅट म्हणजे त्वचा नव्हे, प्लास्टिक म्हणजे पाय नव्हे. मधुमेहाच्या जखमेत रक्तपुरवठा, जंतू, बधिर झालेल्या नसा, चालताना पडणारा दाब असं सगळं असतं. आणि हे औषध पीकेसीच्या एकापेक्षा जास्त जातींना अडवतं.

तरीही गॅरड यांच्या गटाचा २०१२ चा निबंध आज शेवटपर्यंत वाचला. पीकेसी-अल्फा नसलेल्या उंदरांत जखमेवर थर चढायला उशीर होतो. ते सतत जागं ठेवलं तर लवकर चढतो. माणसाच्या ताज्या जखमेत पीकेसी-अल्फा काठावरच्या डेस्मोसोमपाशी जाऊन बसतं आणि पकड सैल होते. न भरणाऱ्या जुन्या जखमेत ते पेशीच्या आतच राहतं आणि काठावरची बटणं निवांत त्वचेसारखीच घट्ट राहतात. जखम झालीय हा निरोप जणू त्या पेशींपर्यंत पोचतच नाही. त्या आळशी नाहीत, आजारीही दिसत नाहीत. शेजारणीला जिवापाड धरून बसल्यात, इतकंच. हे वाचताना मला भरून आलं.

२५ नोव्हेंबर

प्राणिशास्त्रातल्या मैत्रिणीशी बोलणं. इथे महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात पालीच्या शेपटीच्या पुनर्जननावर अनेक दशकांची परंपरा आहे. ती म्हणाली, शेपूट तुटल्यावर थोड्याच दिवसांत कडेचा अभिस्तर सरकत येऊन थोटकावर पांघरूण घालतो, आणि ते पडल्याशिवाय खाली नवी शेपूट धरत नाही. अभिस्तराचं चालणं ही तिच्यासाठी पहिली पायरी, माझ्यासाठी सबंध प्रकल्प. तिच्या स्लाइडवर काठाच्या डेस्मोसोमसाठी रंगवून बघायचं ठरवलंय. अँटिबॉडी पालीच्या प्रथिनाला चिकटेल की नाही ते आधी पाहावं लागेल.

३ डिसेंबर

आजीला घेऊन दवाखान्यात. डॉक्टरांनी जखमेची जाड कड पुन्हा खरवडून काढली आणि पायावर भार पडू नये म्हणून खास चप्पल दिली. पूर्वी मला ते खरवडणं क्रूर वाटायचं. आज मी शेजारी उभी राहून नीट पाहिलं. न सरकणारी कड काढून टाकली की मागची ताजी पेशी काठावर येते.

घरी येताना आजीने विचारलं, "तुझ्या पेशी चालतात का?" म्हटलं, चालतात, पण एकमेकींचा हात धरून. ती म्हणाली, "मग माझ्यांना पण सांग की."

९ डिसेंबर

पूर आला त्या काळातले दोन संच पुन्हा करून झाले. ब्लॉट (पेशीतली प्रथिनं वेगळी करून ओळखायची चाचणी) राहिलाय : जखमेनंतर ५, १५, ३०, ६० मिनिटांनी एर्क (आणखी एक कायनेज) आणि फॅक किती जागी होतात ते. प्रतीक्षायादीत नाव घातलं.

१२ डिसेंबर

शेवटची भेग, औषध नसलेली, पूर्ण कॅल्शियम, ईजीएफसह. रात्री थांबून दर दोन तासांनी फोटो काढले.

अठराव्या तासाला दोन्ही काठांचे पापुद्रे एका ठिकाणी भेटले. थोडा वेळ एकमेकांवर चढले, मग मागे सरले. जिथे स्पर्श झाला तिथली थरथर आधी थांबली. स्पर्श झालेल्या जागी रॅक मंदावतं आणि ई-कॅडहेरिनचा नवा जोड बसतो, हे वाचलं होतं. शेजारच्या, अजून न भेटलेल्या कडा तेव्हाही हलत होत्या. भेटीची जागा दोन्ही बाजूंना वाढत गेली, चेन लावावी तशी.

सकाळी सहाचा फोटो घेतला तेव्हा भेग कुठे होती ते मला ओळखता येईना. फोकस वरखाली करत शोधलं. शेवटी प्लेट उलटी धरून तळाची मार्करची रेघ पाहिली आणि त्यावरून जागा कळली.

ही प्लेट सहा दिवस तशीच ठेवतेय. १८ तारखेला डिस्पेज आणि ईजीटीए : मिटलेल्या जागेची पकड बाकी थराइतकी घट्ट झालीय का, ते बघायचं.